नमुना आधी, सुई नंतर
वर एकांनी म्हटलंय की दगडी (कासेचा जंतुसंसर्ग) झालेल्या गाईचं दूध पशुवैद्यकीय कॉलेजच्या लॅबला दिलं की रिपोर्ट 'वाढ नाही' (जंतू उगवलेच नाहीत) नाहीतर 'मिश्र वाढ' (अनेक जातींचे जंतू एकत्र) येतो, म्हणजे खेप फुकट. बहुतेकदा चूक नमुन्यातच असते. अँटिबायोटिक दिल्यावर घेतलेल्या दुधात जंतू सहसा उगवत नाहीत. मिश्र वाढ म्हणजे बहुधा शेण किंवा हाताची घाण.

पहिल्या ३-४ धारा टाका. सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने घासा, बोळा स्वच्छ निघेपर्यंत, आणि वाळू द्या. पुसताना पलीकडचे सड आधी, नमुना घेताना अलीकडचे आधी. म्हणजे पुसलेल्या सडाला बाही घासत नाही. निर्जंतुक नळी तिरकी धरा, ५ मिली पुरे. बर्फात ठेवून २४ तासांत पोचवा. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा दगडी करणारा जंतू मात्र दुधात रोज सारखा उतरत नाही, तेव्हा एका 'वाढ नाही' रिपोर्टवर गाय निरोगी ठरवू नका.

कॉलेजचीही चूक आहेच. नमुना घ्यायला विद्यार्थी गोठ्यावर पाठवले तर त्यांचा हात बसेल, शेतकऱ्याला नीट नमुना मिळेल. निकाल निदान फोनवर तरी कळवा. आठवड्याने आलेल्या कागदाचा गाईला काय उपयोग?