आतला आवाज की नुसती धास्ती? आणि स्वतःच जमवलेल्या विधींचं काय?

अर्धवट_आस्तिक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारतेच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी देवधर्म करणाऱ्यातली नाही, म्हणजे ठाम नास्तिक म्हणावं अशीही नाही, पण मधे एक वाईट काळ गेला तेव्हापासून सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी एक मेणबत्ती लावते, थोडा वेळ गप्प बसते, मग टॅरोचं (भविष्य बघायला वापरतात ते चित्रांचे पत्ते) एक कार्ड काढते आणि वहीत दोन ओळी खरडते. कुणी शिकवलं नाही, इथून तिथून उचललं आणि जमवलं. बरं वाटतं. इथपर्यंत कुणाचं काही जात नाही.

आता झालंय असं की नोकरीची एक ऑफर आलीये. कागदावर सगळं उत्तम, ज्या मॅनेजरशी बोलणं झालं तोही गोड बोलला, पण कॉल संपल्यापासून पोटात गोळा आलाय तो जात नाही. कार्ड काढलं तर आलं टॉवर (वीज पडून कोसळणारा बुरूज, टॅरोवाल्यांना कळेल). दुसऱ्या दिवशी काढलं तर सन (सूर्य, म्हणजे एकदम शुभ). तेव्हापासून मी एकाच सकाळी परत परत पत्ते पिसतेय, म्हणजे हवं ते येईपर्यंत, आणि हवं ते काय हेही मला नीट माहीत नाही!

मैत्रीण म्हणते आतला आवाज ऐक, शरीर कधी खोटं बोलत नाही. नवरा म्हणतो ही भीती आहे, कुठलाही बदल आला की तुझं हेच असतं. दोघांचंही पटतं हाच वैताग आहे.

तर इन्ट्यूशन आणि घाबरटपणा यातला फरक तुम्ही कसा ओळखता? आणि ज्यावर धड विश्वासही नाही असा विधी रोज करणं म्हणजे स्वतःला फसवणंच ना?

---

रात्रपाळी

मी आयसीयूत नर्स आहे त्यामुळे पहिल्या प्रश्नावर बोलू शकते, दुसरा इतरांना सोडते.

आमच्याकडे हे रोजचं आहे. एकदा एक पेशंट, मॉनिटरवर सगळे आकडे ठीक, पण संध्याकाळपर्यंत जो माणूस चादर ओढ, नळी ओढ, मला शिव्या घाल असं करत होता तो अचानक शहाण्यासारखा पडून राहिला. सगळ्यांना वाटलं बरं झालं, झोपला एकदाचा. मला काही ते बरं दिसेना. पांघरूण बाजूला करून बघितलं तर गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटायला लागलेली. डॉक्टरांना उठवलं. पुढे इन्फेक्शन रक्तात पसरल्याचं निघालं. आता पांघरूण काढायच्या आधी मला कुणी विचारलं असतं "तुला का असं वाटतं" तर मला सांगता आलं नसतं. पण मी असे पेशंट इतके बघितलेत, आणि प्रत्येकाचं पुढे काय झालं तेही बघितलंय. म्हणून तर बऱ्याच हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी टीमला बोलवायच्या नियमांत बीपी-पल्सच्या आकड्यांबरोबर "स्टाफला काळजी वाटतेय" हेही एक कारण म्हणून लिहिलेलं असतं.

गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आग विझवणाऱ्यांवर अभ्यास केला होता, त्यातला एक किस्सा आहे. एका घरात मागच्या स्वयंपाकघरात आग, पाणी मारलं तरी जुमानेना, बाहेरच्या खोलीत गरम जास्त आणि आवाज मात्र कमी. लेफ्टनंटने एकदम सगळ्यांना बाहेर काढलं आणि थोड्याच वेळात ते उभे होते ती जमीनच खाली गेली, आग मुळात तळघरात होती. गंमत म्हणजे त्या लेफ्टनंटला स्वतःला ही अतींद्रिय शक्ती वाटत होती! क्लाइनने खोदून खोदून विचारल्यावर ती उष्णता आणि ती शांतता बाहेर आली.

हाच क्लाइन आणि डॅनियल काहनेमन, म्हणजे इन्ट्यूशनचा एक चाहता आणि एक टीकाकार, दोघांनी मिळून २००९ मध्ये पेपर लिहिला. निष्कर्ष साधारण असा की आतल्या आवाजावर भरवसा ठेवायचा तर दोन गोष्टी हव्यात, त्या क्षेत्रात काहीतरी नियमितपणा हवा आणि आपला अंदाज बरोबर होता की चूक हे आपल्याला वेळोवेळी कळलेलं हवं. आतून किती ठाम वाटतंय याला काडीची किंमत नाही.

त्यामुळे तुम्हालाच विचारते, अशा कॉलवरून माणसं ओळखायचा तुम्हाला किती अनुभव आहे, आणि नंतर ती कशी निघाली ते कळलं का? आणि कॉलमध्ये नक्की कुठल्या क्षणी पोटात गोळा आला? तो क्षण शोधा.

---

पुरावा_दाखवा

रात्रपाळी, प्रतिसाद आवडला. आता जरा थंड पाणी ओततो.

"शरीर कधी खोटं बोलत नाही" हे कै च्या कै आहे. शरीर सर्रास खोटं बोलतं. विमानात बसलं की घाम फुटतो आणि गाडी चालवताना माणूस निवांत गाणी ऐकतो, धोका कशात जास्त आहे? या वाक्याच्या समर्थनार्थ लोक १९९७ चा तो पत्त्यांचा प्रयोग काढतात, बेकारा आणि दमासिओ या मेंदूच्या अभ्यासकांचा, की तोट्याच्या गड्डीकडे हात नेताना लोकांच्या तळव्याला आधी घाम येतो आणि डोक्याला नंतर कळतं. पण २००४ मध्ये दुसऱ्यांनी तोच खेळ खेळवून नीट प्रश्न विचारले तर लोकांना डोक्यानेही बरंच आधी कळलेलं होतं असं दिसलं. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

टॅरोबद्दल. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून निघाले. भविष्यबिविष्य अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये चिकटलं. तुमचा तो टॉवर ज्या चित्रमालिकेतला असेल तीही बहुतेक १९०९ ची. म्हणजे प्राचीन ज्ञान वगैरे काही नाही. आणि कार्ड "लागू पडतं" ते का याचं उत्तर १९४८ मध्येच मिळालंय. बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकाने वर्गातल्या ३९ मुलांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली, प्रत्येकाला "तुझा" रिपोर्ट दिला, किती जुळतो ते पाचपैकी द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. सगळ्यांना एकच रिपोर्ट दिला होता, रस्त्यावरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला.

त्याच वर्षी स्किनर या मानसशास्त्रज्ञाची कबुतरं. दाणे ठरलेल्या वेळाने आपोआप पडायचे, कबुतर काहीही करो. तरी एक गोल गोल फिरायला लागलं, एक मान झटकायला लागलं, जणू त्यामुळेच दाणे येतायत. पत्ते पिसणाऱ्यांनी विचार करावा :)

---

अर्धवट_आस्तिक

@पुरावा_दाखवा कबुतर म्हणालात तरी चालेल, सवय आहे, घरात एक तुमच्यासारखाच आहे.

@रात्रपाळी तुमचं वाचून कॉल परत डोळ्यासमोर आणला. माणसं ओळखण्याचा अनुभव म्हणाल तर इंटरव्ह्यू मी घेतलेत बऱ्यापैकी, पण खुर्चीच्या या बाजूने फार नाही. आणि तो क्षण सापडला बहुतेक! मी विचारलं होतं की या जागेवर आधी कोण होतं, ते का गेले. तो हसला आणि म्हणाला "लोक येतात जातात हो" आणि थेट सुट्ट्यांच्या पॉलिसीवर गेला. मी थोड्या वेळाने वेगळ्या शब्दांत परत विचारलं, परत तेच हसू, परत विषय भलतीकडे. तेव्हा मला काही जाणवलंच नाही, मी तर वहीत सुट्ट्यांचा आकडा लिहून घेत होते.

---

निवृत्त_काकू

अगं मग हेच तुझं उत्तर आहे की, पत्ते कशाला पिसतेस!

मी समाजशास्त्र शिकवायचे त्यामुळे विधींवर बोलल्याशिवाय राहवत नाही. मॅलिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. त्याने टिपलेलं असं की आतल्या शांत खाडीत मासे धरायला जाताना लोक कुठलेही मंत्रतंत्र करत नसत, तिथे धोका नाही आणि मासे हमखास. खुल्या समुद्रात जायचं असलं की मात्र भरपूर विधी. पण लक्षात घे, विधी केले म्हणून त्यांनी होडी नीट बांधायचं सोडलं नव्हतं. विधी कशासाठी, तर जे आपल्या हातात नाही त्याच्यासमोर हातपाय गळू नयेत म्हणून.

आणि हे आता मोजूनही बघितलंय. मॉरिशसमध्ये आपलीच मराठी वंशाची मंडळी आहेत ना, तिथल्या बायकांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये छापून आला. आधी त्यांना टेन्शन येईल असं काम दिलं, नैसर्गिक आपत्तीत काय तयारी कराल ते लिहा आणि तज्ज्ञ ते तपासणार. मग अर्ध्याजणींनी देवळात जाऊन नेहमीची प्रार्थना केली, अर्ध्या नुसत्या शांत बसल्या. प्रार्थना केलेल्यांची चिंता जास्त उतरली, त्यांनी सांगितलं त्यातही आणि हृदयाच्या ठोक्यांच्या मोजणीतही. संशोधकांचं म्हणणं, ठरलेल्या क्रमाने तेच ते करण्यात पुढे काय होणार हे मेंदूला पक्कं माहीत असतं, त्याने तो निवळतो. नुसतं बसण्यात ते नसतं, बसल्या बसल्या डोकं भलतीकडे धावतं.

त्यामुळे विश्वास नसताना करणं म्हणजे फसवणूक वगैरे मला वाटत नाही. मेणबत्ती लाव, गप्प बस, वही लिही. फक्त विधीला प्रश्न विचारू नकोस. तो माहिती देत नाही, त्याच्याकडे ती नाहीच. तू जे कार्डाचं करतेयस ते विधीतून केव्हाच बाहेर पडलंय, विधीला शेवट असतो, तुझ्या पिसण्याला नाही. आणि एक गंभीरपणे सांगते, उद्या असं व्हायला लागलं की पत्ते मनासारखे आल्याशिवाय घराबाहेर पडवत नाही, छातीत धडधडतंय, तर ते अध्यात्म समजू नकोस, सरळ मानसोपचारतज्ज्ञाला दाखव. त्यावर चांगले उपचार आहेत.

---

कंटेंटवाला

काकूंना +१. मी एका मेडिटेशन अ‍ॅपसाठी स्क्रिप्टा लिहायचो (नाव घेत नाही), त्या बाजूने थोडं.

या मॉडर्न अध्यात्मात बऱ्या गोष्टी आहेत. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखणी असलेल्या पेशंटसाठी माइंडफुलनेसचा (चालू क्षणाकडे लक्ष देण्याच्या ध्यानाचा) आठ आठवड्यांचा कोर्स काढला, त्यावर भरपूर काम झालंय. पण अ‍ॅपमध्ये आम्हाला काय सांगितलं जायचं, तर शेवटच्या ओळीत "तुझ्या आत सगळी उत्तरं आहेत" आलंच पाहिजे, कारण त्याने माणूस उद्या परत येतो. मी ते वाक्य इतक्या पद्धतींनी लिहिलंय की आता कुणी म्हटलं तर अंगावर येतं. आत सगळी उत्तरं नसतात हो. तुमच्या आधीचा माणूस का गेला हे तुमच्या आत कुठे असणार?

मॅनिफेस्टेशनवाल्यांचं, म्हणजे मनात पक्कं आणलं की तसंच घडतं म्हणणाऱ्यांचं, तर याहून वाईट. मनासारखं झालं तर तुझी एनर्जी, नाही झालं तर तुझाच ब्लॉक. शंका विचारली की "तू फार डोक्यात जगतेस". आजारी माणसाला हे ऐकवतात तेव्हा संताप येतो. ध्यानाने काहीजणांना उलट त्रास होतो, भीती वाढते, झोप उडते, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटतं, यावर २०१७ पासून चांगलं संशोधन आहे, पण असं काही झालं तर थांबा हे मला स्क्रिप्टमध्ये घालू दिलं नाही.

तरी लोक इकडे का येतात ते कळतं. अमेरिकेत प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत २२ टक्के लोकांनी स्वतःला धार्मिक नाही पण आध्यात्मिक म्हणवलं होतं. धर्म सोडला की त्यातले हुकूम सुटतात आणि सोबतची माणसंही सुटतात. स्पेनमधल्या एका गावात निखाऱ्यांवरून चालतात, तिथे २०११ च्या अभ्यासात चालणाऱ्याचे आणि बघत बसलेल्या त्याच्या नातेवाइकांचे ठोके एका लयीत वरखाली झालेले दिसले, पाहुण्या प्रेक्षकांचे नाही. एकट्याने फोनसमोर डोळे मिटून हे कसं मिळणार? ताई, तुमच्या सकाळच्या वेळेत मला हीच एक उणीव दिसते, तुमची वही दुसरं कुणी वाचत नाही.

---

पुरावा_दाखवा

काकूंचा मॉरिशसवाला अभ्यास वाचून काढला, बरा आहे. आणि न्यायाने सांगायचं तर २०१० चा तो प्लासिबोचा (औषध नसलेल्या गोळीचा) प्रयोगही आहे, आतड्याच्या त्रासाच्या ८० पेशंटांपैकी निम्म्यांना "यात औषध नाही" असं स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या, तरी तीन आठवड्यांनी ५९ टक्क्यांना आराम, काहीच न दिलेल्यांमध्ये ३५. तर विश्वास नसताना करून फायदा होऊ शकतो, एवढं मान्य. टॅरो अमान्यच.

---

रात्रपाळी

फक्त एक, तो आराम त्यांनी स्वतः सांगितलेला आहे. दुखणं, चिंता, झोप यात हे चालतं, इन्फेक्शनला अँटिबायोटिकच लागतं. वाचणारे भलता अर्थ काढतात म्हणून लिहिलं.

---

अर्धवट_आस्तिक

सगळ्यांचे खूप आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. मी कंपनीला मेल टाकलीये की सही करायच्या आधी टीममधल्या एकाशी बोलायचं आहे आणि आधीच्या माणसाबद्दल स्पष्ट विचारलंय. अजून उत्तर नाही. पत्ते नवऱ्याकडे दिलेत, रोज एकच देईल म्हणतो, वर फोरर इफेक्टवर लेक्चरही देतोय, इथलंच वाचून. मेणबत्ती आणि वही चालू राहील. @कंटेंटवाला वहीचं मात्र अजून ठरत नाही, दाखवायची म्हटलं की मी वेगळंच लिहायला लागेन.

---

पुरावा_दाखवा

मेलचं छान केलंत. ऑफर लेटरमध्ये प्रोबेशन किती महिने आणि त्या काळात नोटीस पिरियड किती ते बघितलंत का? आणि जुन्या नोकरीचा राजीनामा टीमशी बोलणं होईपर्यंत अजिबात टाकू नका, कार्ड काहीही येवो.