एकाच टेबलावर तीन आवडींचे खेळाडू: कोणते पर्यायी नियम एकत्र चालतात?

बालाघाट_डीएम, परभणी

नमस्कार. आमचा पाच खेळाडूंचा गट आहे आणि मी डीएम, म्हणजे खेळाचे जग आणि गोष्ट चालवणारी, आहे. आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रे वठवण्याच्या खेळाची 2014 ची पाचवी आवृत्ती खेळतो. पुस्तके इंग्रजीत असली तरी टेबलावरचे सगळे बोलणे मराठीत चालते. नव्या कॅम्पेनचा (सलग चालणाऱ्या मोहिमेचा) मुलूख मी बालाघाटच्या डोंगररांगांवरून बेतला आहे. उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरी, दोन गावांमध्ये दोन-तीन दिवसांची पायपीट आणि शेवटी देवगिरीसारखा एक किल्ला, ज्याचा कडा तासून काढलेला आहे, भोवती खंदक आहे आणि वर जायचे तर काळोख्या भुयारातूनच जावे लागते, असे त्याचे स्वरूप आहे.

आमच्यातील दोघांना नकाशावर सोंगट्या मांडून डावपेचांनी लढायला आवडते, दोघींना वाटाघाटी आणि पात्रांचे नातेसंबंध यांत रस आहे, तर एकाला शिदोरी, पाणी आणि वाट शोधणे यांतच खरा खेळ दिसतो. म्हणून मी डीएमच्या पुस्तकातील पर्यायी नियमांमधून प्रत्येकासाठी काही ना काही निवडले: लढाईसाठी फ्लँकिंग (शत्रूला दोन बाजूंनी गाठणे) आणि कायमच्या जखमा, संवादासाठी हीरो पॉइंट (फेकीला बळ देणारे गुण), प्रवासासाठी ओझ्याचा तपशीलवार नियम आणि ग्रिटी रिॲलिझमची, म्हणजे जास्त वेळ घेणारी, विश्रांती. परंतु नियम एकासाठी निवडला तरी तो पाचही जणांना लागू होतो, ही माझी खरी चिंता आहे. यातील कोणते नियम एकमेकांना पूरक आहेत आणि कोणते मारक, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

मांजराकाठ, लातूर

ताई, आपल्या यादीतील प्रवासाचे दोन नियम एकमेकांवाचून निरर्थक आहेत, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

मूळ नियमांनुसार माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागते आणि कडक उन्हात दोन, म्हणजे सुमारे साडेसात लिटर. चामड्याची पाण्याची पिशवी अर्धा गॅलन धरते आणि भरल्यावर पाच पौंड भरते. याचा अर्थ उन्हाळ्यातील एका दिवसासाठी प्रत्येकाला चार पिशव्या, म्हणजे वीस पौंड वाहावे लागतात. साध्या नियमात 10 स्ट्रेंग्थ (ताकद) असलेले पात्र 150 पौंड उचलू शकते, तेव्हा हा आकडा कोणाच्याही लक्षात राहत नाही. तपशीलवार नियमात मात्र स्ट्रेंग्थच्या पाचपटीहून अधिक ओझे झाले, म्हणजे याच पात्राच्या बाबतीत 50 पौंड ओलांडले, की वेग दहा फुटांनी घटतो. शस्त्र, दोर आणि अन्न यांच्यासह दोन दिवसांचे पाणी त्यात बसत नाही. तिसऱ्या दिवशी विहीर कोरडी निघाली आणि निम्म्याच पाण्यावर भागवावे लागले, तर 15 चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (सहनशक्तीची फाशाची फेक, जिची बेरीज किमान 15 यावी) साधावा लागतो, नाहीतर थकव्याची एक पायरी चढते. प्रवासाची आवड असलेल्या आपल्या खेळाडूला हवा असलेला निर्णय नेमका येथे जन्माला येतो: वाट बदलावी, सामान टाकावे की माघारी फिरावे?

पण गटात क्लेरिक (दैवी मंत्र टाकणारे पात्र) असेल तर हे सगळे एका मंत्राने संपते. पाणी निर्माण करण्याचा पहिल्या पातळीचा मंत्र दहा गॅलन पाणी देतो, आणि पाच जणांची उन्हाळी दिवसाची गरज बरोबर तेवढीच आहे. ड्रूइडचा, म्हणजे निसर्गाच्या मांत्रिकाचा, गुडबेरी मंत्र दहा जणांचे एका दिवसाचे पोषण भागवतो. लाँग रेस्ट (पूर्ण विश्रांती) झाल्यावर रोज सकाळी स्लॉट, म्हणजे मंत्र टाकण्याच्या मोजक्या संधी, परत मिळत असतील तर दुष्काळ केवळ वर्णनापुरता उरतो. ग्रिटी रिॲलिझममध्ये शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची होते, तेव्हा तोच मंत्र जपून वापरण्याचा ऐवज ठरतो आणि पाण्यासाठी खर्च केलेला स्लॉट जखमा भरण्यासाठी उरत नाही. त्यामुळे विश्रांतीचा नियम आधी ठरवावा आणि बाकीचे नियम त्यावरून ठरवावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

कोणी आउटलँडर (रानात वाढलेल्या माणसाची) पार्श्वभूमी घेतली असेल, तर स्वतःसह आणखी पाच जणांसाठी अन्नपाणी शोधण्याची मुभा त्या पात्राला आहे. मात्र त्या भूमीत ते उपलब्ध असावे, अशी अट त्याच वाक्यात आहे. उजाड पठारावर ही अट कशी लागू होईल, हे पहिल्याच सेशनला सर्वांना सांगून टाकावे.

बुरूजावरून, परंडा

मांजराकाठ यांनी प्रवासाबद्दल जे लिहिले आहे ते पटते. मी उरलेल्या तीन नियमांबद्दल लिहिते.

फ्लँकिंग डावपेच वाढवेल अशी अपेक्षा असते, परंतु प्रत्यक्षात तो कमी करतो. शत्रूच्या समोरासमोरच्या बाजूंना दोघे उभे राहिले की दोघांनाही ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरणे) मिळतो, आणि तो इतका स्वस्त होतो की प्रत्येक लढाईत सगळे एकाच रांगेत उभे राहू लागतात. बार्बेरियनला (रानटी योद्ध्याला) स्वतःवर वार ओढवून घेण्याच्या मोबदल्यात जो ॲडव्हान्टेज मिळतो, तो इतरांना फुकट मिळतो आणि त्या पात्राचे वैशिष्ट्यच पुसले जाते. नियम हवाच असेल तर ॲडव्हान्टेजऐवजी वाराला फक्त +2 द्यावा. अनेक टेबलांवर हीच तडजोड आहे.

कायमच्या जखमांचा नियम मी आपल्या जागी असते तर घेतला नसता. राक्षस एका लढाईपुरता असतो, त्याचा हात तुटला तरी पुढे काही बिघडत नाही; खेळाडूचे पात्र मात्र संपूर्ण कॅम्पेनभर वार झेलते, आणि त्यातही पुढे उभा राहणारा फायटर सर्वाधिक. म्हणजे ज्या दोघांना लढाई आवडते, त्यांनाच तिच्यासाठी शिक्षा होते. गमावलेला अवयव परत आणणारा मंत्र सातव्या पातळीचा आहे, जो क्लेरिकला स्वतःच्या तेराव्या लेव्हलला मिळतो. तोवर तो खेळाडू काय करणार?

हीरो पॉइंटचेही असेच आहे. त्याचा सहा बाजूंचा फासा कोणत्याही डी-ट्वेंटीच्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) फेकीत मिळवता येत असल्यामुळे तो पॉइंट शेवटी वारावर किंवा मरणाच्या सेव्हवर खर्च होतो, वाटाघाटीवर नाही. संवादप्रिय खेळाडूंसाठी त्याच पुस्तकातील धैर्याचा नियम कितीतरी उपयुक्त आहे: टोळीचा म्होरक्या पडला किंवा एखादा शत्रू निम्म्या हिट पॉइंटवर (जीवशक्तीवर) आला, की 10 चा विस्डम सेव्ह (शहाणपणाची फेक), तो हुकला तर शत्रू पळतो किंवा शरण येतो. शरण आलेल्या माणसाशी बोलावेच लागते, आणि लढणाऱ्यांनाही म्होरक्याला आधी गाठण्याचा डाव मिळतो. एकाच नियमातून दोन्ही आवडी साधण्याचे असे उदाहरण दुसरे मला माहीत नाही. याखेरीज, फेक एक-दोनने हुकली तर किंमत मोजून यश देण्याचा पर्यायही घ्यावा. वाटाघाटीत त्यातून फार चांगल्या घटना निघतात.

खंदक_ओलांडून, छत्रपती संभाजीनगर

विश्रांतीच्या मुद्द्यावर माझा थोडा मतभेद आहे. रानात सात दिवसांची लाँग रेस्ट उत्तम चालते, परंतु किल्ल्यात शिरल्यावर एकाच दिवसात भुयार, पहारे आणि दरबार असे सहा-सात प्रसंग घडू शकतात. वॉरलॉकचे (करारातून शक्ती मिळवणाऱ्या मांत्रिकाचे) स्लॉट शॉर्ट रेस्टवर परत येतात, पण ती रेस्टच आठ तासांची असेल तर शत्रूच्या किल्ल्यात ती घ्यायची कोठे? आठ तास टिकणारे चिलखताचे मंत्रही प्रवासात फारच तोकडे पडतात. कालावधी बदलण्यापेक्षा जागा बदलावी, असे मी सुचवेन: रानात रात्रीची झोप म्हणजे शॉर्ट रेस्ट, लाँग रेस्ट फक्त पाणी आणि आसरा देणाऱ्या गावात, आणि किल्ल्याच्या आत एका तासाची मूळ शॉर्ट रेस्ट.

अनुभवगुणांचाही, ज्यांवर पात्राची लेव्हल वाढते, विचार करावा. 1974 च्या पहिल्या आवृत्तीपासून पुढे कित्येक वर्षे, परत आणलेल्या एका सुवर्णनाण्याला एक अनुभवगुण मिळत असे, म्हणून त्या काळी लढाई टाळणे शहाणपणाचे ठरे. आपण गुण फक्त शत्रू मारण्यासाठी ठेवले, तर बाकी कोणताही नियम आणला तरी खेळ लढाईकडेच झुकेल. नवे गाव गाठणे, करार घडवून आणणे, भुयाराची वाट शोधणे यांनाही लढाईइतकेच गुण द्यावेत.

बालाघाट_डीएम, परभणी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. जागेनुसार विश्रांती, ओझ्याचा तपशीलवार नियम, शत्रूंचे धैर्य आणि किंमत मोजून यश, एवढे चार नियम मी घेते. जखमा आणि हीरो पॉइंट वगळते आणि फ्लँकिंग +2 वर ठेवते. अनुभवगुणांबद्दल दादांनी सुचवल्याप्रमाणे करीन. एक शंका उरते: गाव परके किंवा वैरी असेल, तर तेथे लाँग रेस्ट मिळावी का, की आधी गावकऱ्यांकडून आसरा मिळवावा लागेल?

खंदक_ओलांडून, छत्रपती संभाजीनगर

आसरा मिळवावाच लागेल, असे ठेवा. पाटलाकडे जाऊन बोलणी करण्याचे काम त्या दोघींकडे आपोआप येईल, आणि त्यांच्या शब्दावर बाकी तिघांचे हिट पॉइंट अवलंबून राहतील.