मॅकगाउन की स्मिथ? कॅव्हनमधल्या आडनावाचा गुंता

सायली_एम:
सासरचं आडनाव मॅकगाउन, मूळ घर आयर्लंडच्या कॅव्हन काउंटीत. नवऱ्याच्या पणजोबांचं कुटुंब 1901 च्या जनगणनेत सापडलं, पण आडनाव चक्क स्मिथ! 1911 ला तेच घर, तीच माणसं, आडनाव मॅकगाउन. सासूबाई म्हणतात, "स्मिथ म्हणजे इंग्रज, ते आपले नव्हेत." आणि मॅक तर स्कॉटिश ना?

जुनी_कागदं:
सासूबाईंना सांगा, आपलेच आहेत. मॅक म्हणजे मुलगा, आणि पुढचा 'गाउन' आला लोहारासाठीच्या आयरिश शब्दावरून. लोहाराचा मुलगा. इंग्रजीत लोहार म्हणजे स्मिथ, आणि कॅव्हनमधल्या बऱ्याच मॅकगाउनांनी आडनावाचं सरळ भाषांतर करून टाकलं.

मॅक फक्त स्कॉटिश, ही समजूत कुठून येते देव जाणे. मॅक आणि ओ (नातू, वंशज) दोन्ही आयर्लंडमध्ये जुनेच. इंग्रजी अमलात ते गळत गेले. 1893 साली गेलिक लीग (आयरिश भाषा जपणारी संघटना) निघाली, त्या सुमारास ते पुन्हा लावायची लाट आली. तुमच्या 1911 च्या मॅकगाउनमागे तीही असेल.

पण आधी मूळ फॉर्मचं चित्र उघडा, नुसती टाइप केलेली यादी नको. फॉर्म कुटुंबप्रमुखाने भरायचा असे. त्याला लिहिता येत नसेल तर नोंदी घेणारा पोलीस शिपाई भरून देई. खाली सही आहे की फुली? फुली असेल तर 'स्मिथ' शिपायाचाही असू शकतो.

माळावरचा:
कॅव्हनमधला प्रत्येक स्मिथ मॅकगाउन नव्हे हं. 1609-10 पासून अल्स्टर (आयर्लंडचा उत्तरेकडचा प्रांत) प्लांटेशन झालं, म्हणजे सरकारने बाहेरची माणसं आणून वसवली, त्यात कॅव्हनही होतं. इंग्रज-स्कॉटिश वसाहतवाले आले, त्यांच्यातही स्मिथ होतेच.

जुनी_कागदं:
बरोबर. म्हणून आडनावामागे न धावता टाउनलँड (जमिनीचा सगळ्यात लहान विभाग, वाडीसारखा) धरायचं. जनगणनेतल्या टाउनलँडवरून कॅथलिक पॅरिश (चर्चचा विभाग) काढा आणि तिथली बाप्तिस्म्याची नोंदवही चाळा. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या 2015 पासून ऑनलाइन फुकट ठेवल्यात, साधारण 1880 पर्यंतच्या. एकाच आईबापाची दोन मुलं दोन आडनावांनी सापडली तर वाद मिटला. जनगणनेतला धर्माचा रकाना (कॅथलिक की प्रोटेस्टंट) इशारा देतो, पुरावा नाही.

सायली_एम:
फुलीच आहे, 1901 ला! 1911 ला मात्र सही, बहुतेक थोरल्या मुलाचं अक्षर. नोंदवही आता बघते. जाता जाता: लेकीच्या शाळेत नाव आयरिशमध्ये मागितलंय. 'मॅक गाउन' असंच देऊ?

जुनी_कागदं:
नको, मॅक मुलग्यांना. मुलीला 'निक' लागतं: निक गाउन. स्पेलिंग बाईंकडून घ्या, त्यात न उच्चारली जाणारी अक्षरं आहेत. आणि तुम्ही स्वतः नवऱ्याचं आडनाव आयरिशमध्ये लावणार असाल तर तिसरंच रूप: 'विक गाउन'.