सांदण दरीला साम्रदचा वाटाड्या घ्यावाच का?

घाटवाट, दादर
दिवाळी सरली की मुंबईची पोरं शेवटच्या कसारा लोकलने निघतात, घोटी-शेंडीमार्गे जीप करून पहाटे दरीच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावात पोचतात आणि तिथे वाटाड्या न घेताच सांदणच्या अरुंद, खोल घळीत शिरतात. माझं मत आहे की गावातला माणूस सोबत हवाच. मोबाइलमधल्या ट्रॅकचा, म्हणजे जीपीएसवर नोंदवलेल्या वाटेचा, घळीत काही उपयोग नाही. दोन्ही बाजूंनी उभा कातळ, वर आभाळाची नुसती पट्टी. उपग्रहाचे सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतात, त्यामुळे नकाशावर आपण घळीबाहेर पठारावर उभे दिसतो.

कातळटप्पा, मुलुंड
ट्रॅकचं पटलं, वाटाड्याचं नाही. घळीत वाट एकच, खाली जाणारी. तिथे चुकायचं कुठे? रॅपलच्या, म्हणजे दोराने कडा उतरायच्या, टप्प्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत यायचं असेल, तर सराव असलेल्या चार-पाच जणांना माणसाची गरज नाही. साधी काळजी पुरते. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी लावा, सगळं सामान तिच्यात. पाण्यात बूट काढू नका. तळाचे दगड शेवाळलेले असतात आणि अनवाणी पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकलं की घोटा गेलाच. मोजे मात्र कोरडे, जादाचे ठेवा. धोंड्यांवर कडेला पाय न देता मधोमध द्या, आणि पूर्ण भार टाकण्याआधी दगड हलतो का ते पाहा.

घाटवाट, दादर
वाट विचारायला माणूस नकोच आहे, पाणी विचारायला हवा. वाटेत पाण्याचे दोन टप्पे आहेत. पहिला गुडघा-मांडीपर्यंत, दुसरा कमरेपासून छातीपर्यंत, आणि तो महिन्यागणिक बदलतो. नोव्हेंबरात जिथे सॅक डोक्यावर धरावी लागते, तिथे मे महिन्यात पाऊल जेमतेम भिजतं. काल किती होतं हे गावालाच माहीत. दुसरं म्हणजे अवकाळी. वर पठारावर सर कोसळली की ते सगळं पाणी घळीत उतरतं, आणि मधल्या भागात बाजूला चढून जायला जागा नाही. आभाळ पाहून ‘आज नको’ म्हणणारा माणूस सोबत असणं, पैसे मोजायचे ते यासाठी.

रानवेडा, बोरिवली
मुळात नवख्यांना सांदण सुचवताच कशाला? ज्यांना झाडी हवी त्यांनी कर्जतला उतरून खांडस गाठावं आणि भीमाशंकर चढावं. खांडसच्या पुढे पूल लागतो, तिथून उजवीकडे गणेश घाट, डावीकडे शिडी घाट. गणेश घाट लांबचा पण सोपा, दोन्ही वाटा वर पदरवाडीच्या पठारावर भेटतात. शिडी घाटात शिड्या आहेत आणि त्यांच्या मधली कड्यालगतची आडवी वाट ओली असेल तर जाऊच नये. इथे ट्रॅक कामाला येतो, कारण पदरवाडीच्या वर रानात ढोरवाटा फार आणि त्या नेमक्या मळलेल्या वाटेपेक्षा ठसठशीत दिसतात. निघण्यापूर्वी तिथे जायला बंदीचा आदेश आहे का ते बघा.

कातळटप्पा, मुलुंड
पाण्याचा मुद्दा मान्य, त्यावर मी माघार घेतो. पण घळ पूर्ण उतरून पायथ्याच्या डेहणे गावाला जाणाऱ्यांना नुसता गावचा माणूस पुरत नाही, तांत्रिक माणूस वेगळा लागतो. रॅपलचा पहिला टप्पा साधारण 45 फुटांचा. दोर दुहेरी टाकून खालून ओढून घ्यायचा म्हणजे 90 फूट, शिवाय गाठी आणि अँकर (दोर अडकवायचा कातळातला आधार) यांना लागेल तो. 30 मीटरचा दोर काठावर पुरतो, 40 मीटरचा न्या. दोर ओढला की परत वर येणं संपलं, म्हणून पुढच्या टप्प्यांचं साहित्य मोजल्याशिवाय ओढू नका. नेणाऱ्या ग्रुपला आधीच विचारा: अँकर एकाच बोल्टवर की दोन, शेवटी कोण उतरणार, हेल्मेट सगळ्यांना का. उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका.

घाटवाट, दादर
यावर वाद नाही. फक्त हिशेबात एक धरा. डेहण्यापर्यंत आलेल्या वाटाड्याला घरी जायला करोली घाटाची वाट चढून साम्रदला यायचं असतं, म्हणजे त्याचा दुसरा दिवसही जातो. दोन दिवसांची मजुरी वर साम्रदलाच ठरवा. खाली उतरल्यावर, आसनगावची गाडी गाठायच्या घाईत, घासाघीस करू नका.