आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय: सदस्य व्हावं की बाहेरच राहावं?

कलमबहाद्दर (धागाकर्ता)

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: "आपण सहीच केली नाही, तर ते आपलं काय वाकडं करणार?" हे न्यायालय ज्या करारातून उभं राहिलं त्या रोम कराराचं कलम १२ वाचलं की हा समज उडतो. गुन्हा सदस्य देशाच्या भूमीवर घडला असेल किंवा आरोपी सदस्य देशाचा नागरिक असेल, तर न्यायालयाला अधिकार मिळतो. दोन्हीपैकी एक पुरे.

म्यानमार सदस्य नाही, बांगलादेश २०१० पासून आहे. रोहिंग्यांना हाकलून दिलं तेव्हा हद्दपारीचा गुन्हा सीमा ओलांडल्यावर, म्हणजे बांगलादेशच्या भूमीवर पूर्ण झाला, अशी भूमिका न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये घेतली आणि पुढच्या वर्षी तपास सुरू झाला. रशियाही सदस्य नाही. युक्रेन तेव्हा नव्हता, पण त्याने कलम १२(३) खाली अधिकार मान्य केल्याचं घोषणापत्र देऊन ठेवलं होतं. मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर वॉरंट निघालं ते त्याच आधारावर.

म्हणजे बाहेर राहिलेल्या देशाचा सैनिक परदेशात सापडू शकतोच. १८ न्यायाधीश आणि अभियोक्ता (तपास करून खटला चालवणारा मुख्य सरकारी वकील) निवडताना मात्र त्या देशाला मत नाही, करारात दुरुस्ती होताना तर नाहीच. माझं मत सदस्य व्हावं असं आहे. विरोध करायचा तर कलमं घेऊन या, नुसतं "सार्वभौमत्व" चालणार नाही.

नकाराधिकारी

कलमं घेऊनच आलोय. तुमची सगळी उदाहरणं सीमेपलीकडची आहेत. ज्या देशाचा खरा प्रश्न स्वतःच्या हद्दीतल्या बंडखोरीचा आहे, त्याच्यासाठी हिशेब पूर्ण वेगळा आहे. कलम ८ मध्ये अंतर्गत सशस्त्र संघर्षातले युद्धगुन्हेही येतात. सदस्य झालात की तुमच्याच जिल्ह्यातली तुमच्याच दलांची कारवाई हेगच्या कक्षेत आली. बाहेर असाल तर तिथे पोचायला सुरक्षा परिषदेचा ठराव लागतो. असे ठराव आजवर दोन झाले: सुदानमधलं दार्फूर (२००५) आणि लिबिया (२०११). सीरियाचा प्रस्ताव मे २०१४ मध्ये रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरून पाडला. नकाराधिकारवाला एक मित्र असला की घरच्या भूमीपुरती जोखीम जवळपास शून्य.

दुसरं, आक्रमणाचा गुन्हा. कलम १५ पुनश्च, पोटकलम ५ नुसार सदस्य नसलेल्या देशाच्या नागरिकांवर या गुन्ह्याचा खटला चालत नाही, गुन्हा सदस्याच्या भूमीवर घडला तरीही. युक्रेनवरच्या आक्रमणासाठी वेगळं न्यायाधिकरण उभारावं लागतंय ते यामुळेच. म्हणजे चारपैकी एका गुन्ह्यात बाहेर राहणं हे सरळसरळ कवच आहे. (उरलेले तीन म्हणजे वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे, नवीन वाचकांसाठी.)

सुरक्षा परिषदेचे पाच कायम सदस्य दुसऱ्यांची प्रकरणं धाडू शकतात, कलम १६ खाली तपास १२-१२ महिने थांबवू शकतात, आणि त्यातले तीन स्वतः सदस्य नाहीत. १९९८ मध्ये रोमला भारताने तटस्थ राहताना यावरच बोट ठेवलं होतं. अण्वस्त्रांचा वापर यादीतून वगळला, हाही आक्षेप होता.

कलमबहाद्दर

आक्रमणाचा मुद्दा मान्य, माझ्या मांडणीत तो यायला हवा होता. पण अंतर्गत संघर्षाबद्दल तुम्ही कलम १७ गाळलंत. देश स्वतः तपास करत असेल तर प्रकरण हेगला जातच नाही, तपासाची इच्छा किंवा क्षमता नसेल तरच जातं. तपास सुरू होताना अभियोक्ता संबंधित देशांना कळवतो. देशाने एका महिन्यात "आम्ही तपास करतोय" असं सांगितलं की अभियोक्त्याला मागे व्हावं लागतं. पुढे जायचं तर पूर्वपरीक्षण खंडपीठाची (खटल्याआधीच्या टप्प्यावर निर्णय देणाऱ्या न्यायाधीशांची) परवानगी काढावी लागते (कलम १८). कोलंबियाची प्राथमिक छाननी २००४ ते २०२१ चालली आणि बंद झाली, औपचारिक तपास उघडलाच नाही. कारण देशाने शांतता करारातून स्वतःची विशेष न्यायव्यवस्था उभी केली होती.

मुद्देसूद

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. कलम १७ कागदावर छान दिसतं, पण देश नापास होतात ते त्याच्याच कसोटीवर. "आम्ही तपास करतोय" एवढ्याने भागत नाही, *तीच व्यक्ती आणि बहुतांशी तेच कृत्य* यांचा तपास दाखवावा लागतो. प्रकरण आपल्याकडेच राहू द्या म्हणून केनियाने २०११ मध्ये नवी राज्यघटना, न्यायालयीन सुधारणा, पोलीस सुधारणा असं सगळं मांडलं. खंडपीठाने विचारलं, ज्या सहा जणांवर हेगमध्ये आरोप आहेत त्यांच्याविरुद्ध कोणती फाइल उघडली आहे, जबाब कुठे आहेत? दाखवता आले नाहीत, अर्ज फेटाळला. फिलिपीन्सचंही तसंच झालं. नशाविरोधी मोहिमेतल्या मोजक्या प्रकरणांचा आणि खालच्या पोलिसांचा तपास दाखवला, धोरण ठरवणारे मोकळे. तपास पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली.

सर्वात शिकण्यासारखं लिबियाचं आहे. एकाच सरकारचे दोन अर्ज, दोन निकाल. गुप्तचर प्रमुख अल-सनुस्सी त्रिपोलीत सरकारच्या ताब्यात होता, फाइल तयार होती: प्रकरण देशाकडे राहिलं. हुकूमशहा गद्दाफीचा मुलगा सैफ झिंतान गावातल्या टोळीच्या ताब्यात होता, सरकार त्याला राजधानीत आणू शकत नव्हतं, वकीलही देता आला नव्हता: अर्ज फेटाळला.

यातून कायद्यात काय लागतं ते पाहा. गुन्ह्याचं नाव तेच असावं लागत नाही, देशी दंडसंहितेतला साधा खुनाचा आरोपही चालतो. अडचण येते ती वरच्या अधिकाऱ्यावर. कलम २८ नुसार कमांडरला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, आणि त्याने रोखलं नाही वा शिक्षा केली नाही, तर तो जबाबदार. बऱ्याच देशांच्या दंडसंहितेत अशी जबाबदारी नाही, तिथे चिथावणी किंवा कट सिद्ध करावा लागतो. मग शिपाई अडकतो, ब्रिगेडियर सुटतो, आणि वरच्या माणसाविरुद्ध "तपास चालू" म्हणायला जागाच उरत नाही. सैनिकावर खटला भरायला सरकारची पूर्वपरवानगी लागत असेल आणि ती वर्षानुवर्षं अडत असेल, तर तोच कलम १७ मधल्या "इच्छा नाही" याचा पुरावा ठरू शकतो.

अर्धविराम

म्हणजे आधी कायदा, मग अनुसमर्थन (कराराला अंतिम मान्यता). बरोबर?

मुद्देसूद

हो, आणि क्रम उलटा झाला की फजिती ठरलेली. कलम १२० मुळे आक्षेप नोंदवून सामील होता येत नाही, सगळं घ्या किंवा सोडा. तेव्हा आधी राज्यघटना तपासायची. कलम २७ नुसार राष्ट्रप्रमुखालाही पदाचं संरक्षण नाही. फ्रान्सला यासाठी १९९९ मध्ये घटनादुरुस्ती करावी लागली. नागरिकाला परदेशी सोपवायला घटनेत बंदी आहे का, जन्मठेप चालते का, माफीचा अधिकार कुठवर, हे पुढचे प्रश्न.

त्यानंतर सहकार्याचा स्वतंत्र कायदा. इथे आळशीपणा होतो आणि जुना प्रत्यार्पण कायदाच वापरू म्हणतात. चालत नाही. प्रत्यार्पणात राजकीय गुन्ह्याचा अपवाद असतो, दोन्ही देशांत गुन्हा असावा ही अट असते, सकृद्दर्शनी पुरावा तपासला जातो. हेगला सोपवणं ही कलम १०२ नुसार वेगळी प्रक्रिया आहे. देशी न्यायालयाने तीनच गोष्टी पाहायच्या: वॉरंट याच माणसाचं आहे का, अटक रीतसर झाली का, त्याचे हक्क पाळले का (कलम ५९). वॉरंट योग्य कारणाने निघालं का, यात त्याला शिरता येत नाही. विनंती कोणत्या मंत्रालयाकडे येणार, हंगामी अटक कोण करणार, गोपनीय कागद मागितले तर कलम ७२ ची चर्चा कोण करणार, हे कायद्यात लिहिलेलं असावं. आणि कलम ७०: हेगच्या खटल्यातल्या साक्षीदाराला धमकावणं हा देशी गुन्हा करावा लागतो. हे हमखास विसरलं जातं.

नकाराधिकारी

इतकं करूनही काय होतं ते दक्षिण आफ्रिकेत दिसलं. २००२ चा कायदा होता, प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये हेगचं वॉरंट असलेले सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांना देश सोडू देऊ नका असा आदेश दिला होता, तरी त्यांचं विमान लष्करी तळावरून उडालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन सदस्य असलेल्या मंगोलियाला जाऊन आले, अटक झाली नाही. सदस्याने सहकार्य न केल्यास कलम ८७(७) खाली नोंद होते, विषय सदस्य देशांच्या सभेकडे जातो, दंडबिंड काही नाही. बलाढ्य शेजाऱ्यावर ज्याचं इंधन अवलंबून आहे त्याने अटक करायची तरी कशी? उलट बाजूला आपल्या सैनिकांना या न्यायालयापासून वाचवणारा अमेरिकेचा २००२ चा कायदा आहे, आणि २०२५ मध्ये अभियोक्ता आणि न्यायाधीशांवरच अमेरिकेचे निर्बंध आले. लहान देशाने या दोघांच्या मध्ये उभं राहायचं कशासाठी?

अर्धविराम

आणि खर्च?

कलमबहाद्दर

खर्च हा मुद्दाच नाही. वर्षाचं अंदाजपत्रक २० कोटी युरोच्या आसपास, वाटा संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीच्या प्रमाणात. दोन वर्षांची थकबाकी झाली तर सभेतलं मत जातं, एवढंच.

मंगोलियाचं उदाहरण खरं आहे आणि लाजिरवाणंही. पण फिलिपीन्सही बघा. मार्च २०१८ मध्ये बाहेर पडण्याची नोटीस, कलम १२७ नुसार वर्षाने, १७ मार्च २०१९ ला अंमल. तरी ११ मार्च २०२५ ला नशाविरोधी मोहीम चालवणारे माजी राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांना मनिलात अटक झाली आणि त्याच रात्री विमान हेगकडे निघालं, कारण आरोप सदस्यत्वाच्या काळातले. त्या देशाने २००९ मध्येच या गुन्ह्यांसाठी देशी कायदा (क्रमांक ९८५१) करून ठेवला होता, अनुसमर्थन २०११ चं. बाहेर पडताना तो कायदा रद्द केला नव्हता. मुद्देसूद म्हणतात तो क्रम असा कामाला येतो.

नकाराधिकारी

माझ्या दृष्टीने हाच विरोधाचा सर्वात मोठा पुरावा. एक सरकार सही करतं, दुसरं बाहेर पडतं, तिसरं सत्तेवर येऊन राजकीय वैऱ्याला विमानात बसवतं. अटक व्हायच्या आधी दुतेर्ते आणि सत्तेवरच्या मार्कोस घराण्यांची युती फुटली नसती, तर हे वॉरंट बजावलं गेलं असतं का?

कलमबहाद्दर

कदाचित नसतं. पण मेलेल्यांच्या नातेवाइकांना वॉरंट कोणत्या भांडणामुळे बजावलं गेलं याने काय फरक पडतो? आणि आरोपीला वकील, जामिनाचा अर्ज, अपील सगळं आहे. काँगोचे माजी उपराष्ट्राध्यक्ष बेम्बा यांची १८ वर्षांची शिक्षा २०१८ मध्ये अपिलात रद्द झाली, आयव्हरी कोस्टचे माजी राष्ट्राध्यक्ष ग्बाग्बो २०१९ मध्ये निर्दोष सुटले. वैऱ्याला अडकवायला हे न्यायालय फार बेभरवशाचं हत्यार आहे.

अर्धविराम

मधला मार्ग म्हणून कलम १२४ नाही का? सामील व्हायचं, पण आपल्या भूमीवरच्या आणि आपल्या नागरिकांच्या युद्धगुन्ह्यांसाठी सात वर्षं सूट.

मुद्देसूद

आहे, अजून. २०१५ मध्ये सभेने ते वगळायचं ठरवलं, पण त्या दुरुस्तीला सात-अष्टमांश सदस्यांचं अनुसमर्थन लागतं. फ्रान्स आणि कोलंबियाने ते वापरलं होतं. युक्रेनने १ जानेवारी २०२५ ला सदस्य होताना आपल्या नागरिकांपुरतं वापरलं. त्यात गाठ अशी की २०१५ च्या १२(३) घोषणापत्राने त्याने फेब्रुवारी २०१४ पासून पुढचा बेमुदत काळ आधीच न्यायालयाला देऊन टाकला होता. दिलेला अधिकार नंतरच्या सवलतीने आक्रसतो का, यावर कायदेपंडितांत दोन तट आहेत. सूट हवी असेल त्या देशाने १२(३) चा कागद आधी देऊन ठेवू नये. आणि सात वर्षांत कलम २८ ची तरतूद देशी कायद्यात आणली नाही, तर आठव्या वर्षी तो पुन्हा केनियाच्याच जागी उभा असेल.

नकाराधिकारी

सात वर्षांत ती तरतूद आणणारं सरकार मला दाखवा, मी मत बदलतो. लष्कराला विचारून पाहा एकदा.