श्यामची आई : पुस्तकातली आणि पालगडची

पाणंद : २४ डिसेंबरला साने गुरुजी जयंती. शाळेत 'श्यामची आई'चा एक कोपरा मांडायचाय, मुलं पाचवी-सहावीची. आई खरी किती, पुस्तकातली किती, हे फलकावर नीट यायला हवं. नंतर सहलही न्यायची आहे. आणि जेवणाच्या पत्रावळी मुलांनीच लावाव्यात असं डोक्यात आहे.

खाडीपलीकडे : माणसं खरीच. श्याम म्हणजे स्वतः गुरुजी, जन्म १८९९, पालगड. आई यशोदाबाई १९१७ साली गेल्या. पुस्तकाचा बराचसा भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिला. मधली ही १६ वर्षं फलकावर ठळक येऊ द्या. आईच्या तोंडची वाक्यं मुलाच्या आठवणीतून उतरलीत, कोणी टिपून ठेवलेली नव्हेत. म्हणून 'यशोदाबाई म्हणाल्या' नको, 'श्यामची आई म्हणते' लिहा. रोज रात्री एक गोष्ट, अशा ४२ रात्री, ही लेखकाची मांडणी.

वयाचाही घोळ होतो. मुलांच्या डोळ्यांपुढे शेवटपर्यंत चड्डीतला श्याम असतो. आई गेली तेव्हा गुरुजी अठराव्या वर्षात होते, शिकायला परगावी. शेवटची भेट झालीच नाही.

भरतीओहोटी : फोटो जपून. १९५३ च्या चित्रपटात आईचं काम केलेल्या वनमालाबाईंचा फोटो लावून खाली 'यशोदाबाई' लिहू नका. त्यापेक्षा फोटोच नको.

सहलीचं म्हणाल तर जन्मघर पालगडला, दापोली तालुक्यात. रेल्वेने खेडला उतरायचं. राष्ट्रीय स्मारक मात्र वडघरला, म्हणजे रायगडात, माणगाव तालुक्यात. बसवाल्याला नुसतं 'साने गुरुजी स्मारक' सांगितलंत तर गाडी भलत्याच जिल्ह्यात जायची!

पाणंद : हे बरं सांगितलंत. पत्रावळींचं?

खाडीपलीकडे : 'पत्रावळ' हे प्रकरण आधी वाचून दाखवा, मग हात घालू द्या. पळसाची किंवा वडाची पानं आदल्या दिवशी काढून वजनाखाली दाबा. वाळकी असतील तर पाणी शिंपडा, नाहीतर टोचताना तडकतात. मधे मोठं पान, गुळगुळीत बाजू वर. भोवती एकावर एक चढवत जायचं, फट राहिली की आमटी मांडीवर. चोय, म्हणजे पानं टोचायची काडी, बांबूची, काडीपेटीतल्या काडीपेक्षा बारीक. जाड घेतली की पान फाटतं, आणि टोक वर राहिलं तर घासात येतं. वाढण्याआधी प्रत्येक पत्रावळीवरून मोठ्या माणसाने हात फिरवावा.

भरतीओहोटी : द्रोणांच्या भानगडीत पडू नका. ताकाला वाट्या घ्या.