स्पर्धेचं नाटक एका रात्रीचं, तालीम तीन महिन्यांची. अकादमीचा पैसा कशाला?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

परवा आमच्या मंडळातल्या एका पोराचा फोन आला. "सेटचं काय करायचं? बाबा गोठा मोकळा करायला सांगताहेत." सेट म्हणजे आठ फ्लॅट (भिंतीसारख्या उभ्या चौकटी), पाच पायऱ्यांचा जिना आणि एक खिडकी. जुन्या गोव्यातल्या घरांना शिंपल्यांची तावदानं असतात ना, तसली. शिंपले कुठून आणणार? बटरपेपरला मेण चोळून तावदानं केली होती. मागून पिवळा दिवा दिला की पहिल्या रांगेतल्यालाही खरी वाटावीत. तीन महिने तालीम, एक प्रयोग, आणि आता त्या खिडकीला वाळवी.

गोव्याबाहेरच्यांसाठी दोन ओळी. आमच्याकडे कला अकादमी 1970 पासून आहे. मराठी नाट्यस्पर्धा ('अ' गट, 'ब' गट), कोंकणी नाट्यस्पर्धा, तियात्र (गाण्यांचं कोंकणी नाटक), भजन, सगळ्याच्या स्पर्धा ती घेते. शिवाय मडगाव, कुडचडे, साखळी, वास्को, काणकोण इथे रवींद्र भवनं आहेत. इतक्या छोट्या राज्यात एवढा सरकारी आधार, महाराष्ट्रातले मित्र हेवा करतात.

माझं म्हणणं असं की हा आधार प्रयोगाला आहे, नाटकाला नाही. जे काही मिळतं ते पडदा वर जातो त्या रात्रीच्या नावाने. त्याआधीचे तीन महिने तुमचे तुम्ही. आम्ही तालीम केली प्राथमिक शाळेच्या वर्गात. पहिलीच्या मुलांची बाकं रोज रात्री भिंतीला लावायची, सव्वादहाला परत जागेवर. नायिकेला ऐन चढत्या स्वगतात वरून पाल दिसायची, तो भाग वेगळा.

आणि प्रयोगानंतर? नंबर आला तर आणखी एखादा प्रयोग, नाही आला तर गोठा. बक्षिसांची रक्कम निम्मी करा, पण स्पर्धेतल्या प्रत्येक नाटकाचे पुढचे चार प्रयोग चार तालुक्यांत लावून द्या. मत सांगा. शिव्याही चालतील.

पेटीवाला

शिव्या नाही, पण विरोध आहे.

तीस वर्षं उत्सवी नाटकांना पेटी आणि ऑर्गन वाजवतोय. तुमची ती तीन महिन्यांची तालीम झाली कशामुळे? स्पर्धेची तारीख होती म्हणून. तारीख नसती तर नाटकाचं पुस्तक कपाटात आणि पोरं मोबाइलवर. गावात दोनच गोष्टी माणसाला तालमीला ओढून आणतात, देवाचा काला (देवळाचा वार्षिक उत्सव) आणि अकादमीची स्पर्धा. त्यातली एक तुम्ही पातळ करायला निघालात.

दुसरं, चार तालुक्यांत प्रयोग लावून द्या म्हणणं सोपं आहे. बघणार कोण? स्पर्धेची नाटकं मी पाहतो. अंधार, एक स्टूल, आणि मधेच कोणीतरी पाठमोरा उभा. जत्रेत पालखी देवळात शिरल्यावर मध्यरात्री नाटक सुरू होतं, समोर आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळा गाव चटईवर असतो. त्यांना पद हवं, तलवार हवी, नाहीतर पोट धरून हसायला हवं. पाठमोऱ्याला ते पहिल्या दहा मिनिटांत खाली बसवतील.

खाजनातला खेकडा

दोघेही एकाच बाजूचे आहात. दोघांनाही सरकार हवंच आहे, भांडण फक्त ताट कुठे वाढायचं याचं.

तियात्राकडे बघा. 1892 साली मुंबईत पहिला तियात्र झाला, तेव्हापासून तो तिकिटावर उभा आहे. आज तियात्र अकादमी आहे, मान्य. पण लोकप्रिय तियात्र चालतो तो तिकीट काढणाऱ्यामुळे. चालला की एकाच तियात्राचे ढिगाने प्रयोग. आमचा मराठी नाटकवाला मात्र नातेवाइकांना फुकट पास वाटतो आणि मग प्रेक्षक नाही म्हणून रडतो.

इतिहास काढायचाच तर तुमच्याच विष्णुदास भाव्यांचा काढा. 1843 ला सांगलीत नाटक उभं राहिलं ते पटवर्धन राजेसाहेबांच्या आश्रयावर. 1851 ला राजे गेले, आश्रय आटला. मग भावे काय करत बसले का? मंडळी घेऊन फिरले आणि 1853 ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी रंगभूमी लोकांपर्यंत गेली ती अनुदान बंद पडल्यामुळे!

तिसरी घंटा

@खेकडा, आश्रय आटण्याआधीची आठ वर्षं कोणाच्या जिवावर झाली हे सोयीने गाळलंत. शिकून, चुकून तयार झालेली मंडळी घेऊन भावे बाहेर पडले. मी तेच मागतोय. ती आधीची वर्षं.

@पेटीवाला, पाठमोरा मीच होतो. पण आमचं नाटक तसं नव्हतं हो! एका घराच्या वाटणीची गोष्ट. खिडकी कोणाच्या वाट्याला जाणार यावर भांडण. गोव्यात याहून ओळखीचा विषय सांगा.

अबोली

तुमचं सगळं नाटकाभोवतीच फिरतंय. भजनाचं बोलू का?

आमचं महिला भजनी पथक आहे. माझ्या आईच्या वेळी बायका देवळात फुगडी घालायच्या, गाणी म्हणायच्या, पण पखवाजाला हात लावायची सोय नव्हती. अकादमीच्या भजन स्पर्धेत महिलांचा वेगळा गट आहे, त्याने काय केलं ते बाहेरून दिसत नाही. घरी "भजनाला जाते" म्हटलं तर कपाळाला आठ्या. "स्पर्धेची तालीम आहे" म्हटलं की सासरेच स्कूटरवरून सोडायला येतात. स्पर्धा या शब्दात काय आहे कोण जाणे.

पहिल्या वर्षी पखवाज वाजवायला शेजारच्या वाड्यावरचा मुलगा आणला होता. आता आमचीच एक मुलगी वाजवते, अकरावीत आहे. तिचा पखवाज मात्र उसना. पावसाळ्यात शाई सुटली, पुडी म्हणजे तोंडावरचं कातडं बदलायचं तर माणूस फोंड्याच्या पलीकडे, आणि त्याच्याकडे आधीच पंधरा पखवाज रांगेत. म्हणून धागाकर्त्याचं अर्धं पटतं. स्पर्धेला हात लावू नका. पण तालुक्याच्या रवींद्र भवनात महिन्यातून एक दिवस पुडी बदलणारा आणि पेट्यांचे सूर लावणारा माणूस बसवा. त्याला मानधन द्या. आम्ही वाद्यं घेऊन येऊ. या दमट हवेत पेटीचे सूर कसे बसतात ते पेटीवाल्यांना विचारा.

पेटीवाला

विचारायची गरज नाही, आषाढात माझ्या पेटीवर काळी दोन पट्टीचा पंचम दर वर्षी मुका होतो. अबोलीबाईंचा मुद्दा एकदम मान्य.

हिशेबनीस

एका गावच्या सांस्कृतिक मंडळाचा खजिनदार म्हणून बारा वर्षं काढली. संस्थेचं नाव सांगत नाही, अजून गावात राहायचं आहे.

तालमीला पैसा का मिळत नाही याचं उत्तर कोणी दुष्ट आहे म्हणून नव्हे. प्रयोग मोजता येतो. तारीख आहे, सभागृह आहे, फोटो आहे, परीक्षकांच्या सह्या आहेत. तालीम कशी मोजणार? आम्ही एकदा एका सरकारी योजनेतून मदत घेतली. पैसे खर्च झाल्यावर विनियोगाचा दाखला द्यायचा होता. नटीची नाईट (एका रात्रीचं मानधन), मेकअपवाला, साउंडवाला, टेंपो, यांच्या पावत्या झाल्या. तालमीच्या चहाची पावती? चहा करत होती आमच्या दिग्दर्शकाची आई. ऑडिटवाल्याने विचारलं, पुरवठादार कोण? मी म्हटलं, काकी. त्याने पेन खाली ठेवलं.

शेवटी साठ दिवसांचा चहा मी खिशातून दाखवला. म्हणजे काकींनी फुकट दिला, मी कागदावर भरला, आणि मंडळाच्या सभेत "खजिनदाराने पैसे खाल्ले" हे ऐकूनही घेतलं.

तेव्हा 'तालमीला पैसे द्या' म्हणताना खोटी बिलं करणारे सगळ्यात आधी रांगेत येतील हे धरून चाला. पैशाऐवजी जागा द्या. रात्री दहापर्यंत उघडी खोली, पंखा, दिवे, कुलपाची किल्ली मंडळाकडे. खोलीचं बिल बनवता येत नाही.

खाजनातला खेकडा

काकींना पुरवठादार म्हणून नोंदवा. मीच अर्ज भरतो.

पण हिशेबनीस, जागेवरून आठवलं. कला अकादमीची पणजीत कांपालची वास्तू, चार्ल्स कोरिया या वास्तुरचनाकाराची, 2021 ला दुरुस्तीसाठी बंद झाली. जुलै 2023 मध्ये खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं, त्याच नोव्हेंबरात वास्तू पुन्हा उघडली. त्या काळात आणि नंतरही कलाकारांची सगळी शक्ती गेली ती इमारतीवर. आवाज नीट येतो का, दिवे कसे आहेत, गळतंय का. भांडायला हवंच होतं, मीही भांडलो. पण त्या काळात गावची किती नाटकं बंद पडली? देवळांसमोरचा मांडव कोणी दुरुस्तीला काढला नव्हता. माझा मुद्दा तोच. कला गावात वर्गणीवर जगते, सरकारी वास्तूत तिचा सत्कार होतो.

बांद्याचा

सीमेपलीकडून बोलतोय. आमच्या सिंधुदुर्गात दशावतार. कार्तिकापासून जत्रा लागल्या की कंपन्या रोज रात्री वेगळ्या देवळात. पेटाऱ्यातून गणपतीचा मुखवटा काढायचा, पूजा, आणि खेळ. कोणाची परिषद नाही, अकादमी नाही. देवस्थान बिदागी देतं, गाव जेवण देतो. खेकडेभाऊंना हे ऐकून आनंद होईल.

पण थांबा. आमच्याकडच्या एका मंडळाने अनुदानासाठी अर्ज केला. कोणत्या कार्यालयात ते जाऊ दे. अर्जात रकाना होता, 'संहितेच्या दोन प्रती जोडाव्यात.' आता दशावताराला संहिता कुठली? आख्यान कुठलं ते संध्याकाळी ठरतं, संवाद तिथल्या तिथे जुळतात. राजा आणि राक्षस तोंडाला रंग लावता लावता ठरवतात की आज भांडण कितपत ताणायचं. शेवटी एका मास्तराने बसून चाळीस पानं लिहिली. त्या रात्री खेळात त्यातलं एक वाक्यसुद्धा कोणी बोललं नाही.

कलाकार म्हातारा झाल्यावरचं मात्र सरकारशिवाय भागत नाही. महाराष्ट्रात ज्येष्ठ कलावंतांना मानधन आहे. पूर्वी वर्गवारी होती, क वर्गाला 2250 रुपये. आता सरसकट महिन्याला 5000. जिल्ह्याला वर्षाला निवड शंभर जणांची. आमच्या जिल्ह्यात हातात झांज धरलेला म्हातारा मोजायला बसलात तर शंभर दोन तालुक्यांत संपतील. तिकिटावर जगणाऱ्याला तिकीट सत्तरीनंतर काय देतं, हे तियात्रवाल्यांनीही कधीतरी सांगावं.

खाजनातला खेकडा

या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. मागे घेतो. तेवढाच.

अबोली

एवढं बोलणं झालं, पण घुमटाचं, आमच्या त्या मडक्याच्या वाद्याचं, नाव कोणी घेतलं नाही! चवथीला घुमट आरतीशिवाय गोव्यातलं घर नाही. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं ते बरंच झालं. 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं. आता बकरीचं कातडं चढवतात. पण कुंभाराकडून मडकं आणून त्यावर कातडं ताणायला शिकवणारे गावात किती उरलेत? वारसा वाद्य म्हणून पत्रक निघतं, पण माझ्या भाच्याला घुमट वाजवता येतं, मढवता येत नाही.

पेटीवाला

मढवायला शिकवणं म्हणजे पण तालीमच झाली की. तिसरी घंटा, तुमचंच पारडं जड होत चाललंय, आवडलं नाही तरी.

तरी मी स्पर्धेच्या बाजूनेच. फक्त एक विचारतो. तुमच्या त्या वाटणीच्या नाटकात पदं आहेत का?

तिसरी घंटा

दोन आहेत. दुसऱ्या अंकात आई एकटी खिडकीपाशी बसते तेव्हा. स्पर्धेत रेकॉर्डवर वाजवली, पेटीवाल्याची नाईट परवडली नाही म्हणून.

पेटीवाला

रेकॉर्डवर! मग नंबर कसला येणार?

आमच्या गावच्या काल्याला यंदा दुसऱ्या रात्रीचं नाटक ठरलेलं नाही. ज्याने घ्यायचं तो मुलगा दुबईला गेला. समितीत माझे दोन भाचे आहेत, बोलतो. अट एवढीच, आधीची पालखी लांबली तर सुरुवात साडेबाराला की दोनला ते देव ठरवणार. पहिला अंक पाऊण तासाच्या वर नको. आणि तो पाठमोरा पुढे वळवा.

तिसरी घंटा

वळवतो. पण आईचं काम करणारी बाई बाहेरगावची, तिची नाईट आहे.

पेटीवाला

नाईट देवस्थान देईल, ते मी बघतो. टेंपो तुमचा. पेटी मी फुकट वाजवीन, पण आधी तीन तालमी हव्यात, आणि काळी दोनमध्ये गाणार असाल तर आत्ताच सांगा.

तिसरी घंटा

पांढरी पाच. पोराला फोन केलाय, गोठ्यातून खिडकी बाहेर काढायला सांगितली. खालची दोन तावदानं उंदरांनी खाल्लीत म्हणतो. बटरपेपर आणतो उद्या.